वणेला गाठिया दरवेळी कडक होतो? सोडा वाढवण्याआधी हे बघा

तक्रार एकच असते आणि जवळजवळ त्याच शब्दांत येते. "तळताना छान दिसले, गरम असताना मऊही लागले, पण चहा गाळून कपात येईस्तोवर गाठिये लाकडासारखे झाले." पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "म्हणून पुढच्या वेळी सोडा थोडा वाढवला." इथेच चूक पक्की होते. सोडा वाढवला की गाठिया लालसर होतो, तेल पितो आणि जिभेला साबणासारखा लागतो. कडकपणा गेला तरी तो खाण्यासारखा राहत नाही. मग सोडा कमी करायचा, की पुन्हा कडक. मी राजकोटला राहायला आले तेव्हा पहिली दीड-दोन वर्षं याच चक्रात अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

कुठल्या गाठियाबद्दल बोलते आहे ते आधी सांगते. आपल्याकडे फरसाणात शेवेबरोबर मिळतात त्या गाठी साच्यातून पाडलेल्या असतात. वणेला गाठिया हाताने वळतात. गुजरातीत 'वणवुं' म्हणजे लाटणं, वळणं. बोटाएवढा जाड, चार बोटं लांब, अंगावर पिळाच्या रेषा, वरून नाजूक खुसखुशीत आणि आत दाताखाली आल्याबरोबर विरघळणारा. सौराष्ट्रात सकाळीच गाठियाच्या दुकानापुढे गर्दी असते. रविवारी तर कागदात बांधलेले गरम गाठिये, तळलेल्या हिरव्या मिरच्या, कच्च्या पपईचा संभारो (फोडणीत परतलेली कोशिंबीर) आणि पातळ कढी हे कित्येक घरांचं ठरलेलं खाणं. दुपारच्या चहाबरोबरही तेच. दुकानातला गाठिया तोंडात विरघळतो आणि आपला दातांची परीक्षा बघतो, तेव्हा वाटतं त्यांच्याकडे काही वेगळी पावडर असणार. खार, म्हणजे सोडा किंवा पापडखार, असतो, पण खरा फरक खारात नाही.

आधी एक गाठिया मोडून बघा

नुसतं 'कडक' म्हणून उपाय सापडत नाही, कसा कडक ते बघावं लागतं. गाठिया पूर्ण गार होऊ द्या, किमान दहा-पंधरा मिनिटं. गरम गाठिया कुणाचाही मऊच लागतो, त्यावरून काही ठरवू नका. मग मधोमध मोडा आणि मोडलेलं तोंड उजेडाकडे धरा.

नीट जमलेल्या गाठियाचं तोंड कोरड्या टोस्टसारखं दिसतं. बारीक बारीक छिद्रं, सगळीकडे सारखी, रंग फिकट पिवळा, बोटाने घासलं तर थोडा भुगा निघतो.

बिघडलेला गाठिया तीन तऱ्हांचा असतो. पहिल्यात तोंड घट्ट, मेणासारखं चकचकीत, छिद्रं जवळजवळ नाहीत, आणि मोडताना 'कट्' असा आवाज येतो. दुसऱ्यात बाहेर तपकिरी जाड कवच आणि आत ओलसर, कच्च्या बेसनाचा वास. तिसरा दिसायला फिकट, हाताला जड, बोटांना तेल लागतं आणि तरीही टणक.

दुसरा आणि तिसरा प्रकार तेलाच्या तापमानाचा आहे, त्यावर पुढे येते. पण 'दरवेळी कडक होतो' म्हणणाऱ्यांचा गाठिया बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा निघतो. माझाही तोच होता. त्याचं कारण कढईत नसून परातीत असतं, पीठ भिजवायच्याही आधी.

कडकडीत मोहन इथे चालत नाही

आपल्या हाताला चकलीची सवय आहे. कोरड्या पिठात कडकडीत तापलेलं मोहन घालायचं, पीठ चोळून घ्यायचं, मूठ वळते का बघायचं आणि मग पाणी. शंकरपाळ्यांना हेच, कडबोळ्यांनाही हेच. मी गाठियाही असाच करत होते. सासूबाईंनी शिकवलेला हात, त्यात काही चुकत असेल असं मनातही आलं नाही.

आमच्या शेजारी एक बा, म्हणजे आजी, राहायच्या, मूळच्या भावनगरकडच्या. एकदा त्यांच्यासमोर पीठ भिजवत होते. मी कढल्यात तेल तापवायला घेतलं तसा त्यांनी गॅस बंद केला. एका वाडग्यात कच्चं तेल, पाणी, मीठ आणि खार एकत्र घातलं आणि बोटं पसरून फेटायला सुरुवात केली. मिनिटभराने मी बेसन ओतायला गेले तर म्हणाल्या, "ऊभी रे, पाणी धोळुं थवा दे." थांब, पाणी पांढरं होऊ दे. चार-पाच मिनिटांत त्या पिवळट तेलकट पाण्याचं खरोखर ताकासारखं दाट पांढरं काहीतरी झालं. वर तेलाचा तवंग नाही, खाली पाणी वेगळं नाही. मगच बेसन.

सगळी गोम या पांढऱ्या पाण्यात आहे. बेसनाला आधी नुसतं पाणी मिळालं की ते पाणी ओढून घट्ट चिकट होतं आणि मग तेल बाहेर बाहेर राहतं. मोहन आधी घातलं तर काही कणांना तेलाचं आवरण बसतं, काहींना बसत नाही. चकलीला तसं चालतं, कारण तिला कुरकुरीतपणाच हवा असतो. गाठिया जाड असतो, त्याच्या आतपर्यंत तेलाचे बारीक थेंब पाण्याबरोबरच पोचायला हवेत. फेटल्यावर तेलाचे थेंब इतके सूक्ष्म होतात की पाण्यात पसरून राहतात, आणि खारामुळे ते जास्त वेळ तसेच टिकतात. असं पाणी पिठात गेलं की प्रत्येक कणाला ओल आणि स्निग्धता एकदमच मिळते. तळताना याच बारीक तेलाच्या जागा गाठिया ठिसूळ ठेवतात.

हाताने फेटायचा कंटाळा असेल तर झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत घालून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. मिक्सरमध्येही होतं, पण थोड्या प्रमाणाला पातं नीट पोचत नाही. फेटून झाल्यावर ठेवून देऊ नका, लगेच पिठात घाला. दहा मिनिटं ठेवलंत तर तेल वर येऊ लागतं.

मी ज्या प्रमाणावर स्थिरावले ते असं: 250 ग्रॅम बारीक बेसन, 60 मिली कच्चं तेल, 100 मिलीच्या आसपास पाणी, एक छोटा चमचा मीठ आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा. चमचा सपाट, शीग नाही, म्हणजे साधारण 2 ते 2.5 ग्रॅम. ओवा हातावर चोळून एक छोटा चमचा, मिरी भरड कुटून तेवढीच, हिंग सढळ हाताने. हळद नाही. पाणी मात्र बेसनावर ठरतं. पावसाळ्यात बेसनच ओल धरतं, तेव्हा 10-15 मिली कमी लागतं. म्हणून फेटलेलं पाणी एकदम ओतू नका, शेवटचे दोन-तीन चमचे हाताशी राहू द्या.

मळणं हा निम्मा पदार्थ आहे

दुसरी चूक इथे होते. पीठ गोळा झालं की आपण थांबतो. पोळ्यांच्या कणकेला पाच मिनिटं मळण्यात अर्थ आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण बेसनात गव्हासारखा चिवटपणा देणारा ग्लूटेन नसतो, मग त्याला कशाला मळायचं, असं वाटतं. मळायचं ते हवा आणि तेल आत नीट बसवायला. गुजरातीत याला 'टूंपवुं' म्हणतात. नुसतं दाबायचं नाही, तर तळहाताच्या टाचेने पीठ पुढे ढकलायचं, ताणायचं, उचलून परत घडी घालायची, पुन्हा ढकलायचं. अधूनमधून हाताला थेंबभर तेल.

घड्याळ लावलं तर आठ ते दहा मिनिटं. पण घड्याळापेक्षा रंग बघा. सुरुवातीला पीठ गडद पिवळं आणि खरबरीत असतं. पाचव्या मिनिटाला ते हाताला चिकटायला लागतं आणि बहुतेक जण इथेच घाबरून कोरडं बेसन टाकतात. टाकू नका. आणखी दोन-तीन मिनिटांत चिकटपणा जातो, पीठ मऊसूत होतं आणि रंग एक-दोन छटांनी उजळतो. लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांनी हळूच ताणा. तो लगेच तुटला, तुटल्या जागी भेगा दिसल्या, तर अजून मळायचं आहे. दोन-अडीच इंच लांबून मग सुटला तर झालं. कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ असावी म्हणतात ना, हे पीठ त्याहूनही थोडं सैल असतं.

मग झाकून पंधरा-वीस मिनिटं. त्याहून जास्त नको. दोन-तीन तास ठेवलेलं पीठ काळपट पडतं आणि सोड्याचा जोरही उतरतो. वळायला घेण्याआधी प्रत्येक गोळा पुन्हा मिनिटभर टूंपून घ्या. बा हा दुसरा मळणारा हात कधीच चुकवत नसत, आणि मी तो चुकवला की फरक मोडल्या तोंडात दिसायचा.

बेसन कुठलं आहे?

एवढं करूनही कडक होत असेल तर डब्यातल्या बेसनाकडे बघा. चिमूटभर दोन बोटांत चोळा. रवाळ लागलं तर ते लाडवाचं बेसन आहे, गाठियाचं नाही. जाड कणांना पाणी मुरायला वेळ लागतो, ते आत कोरडेच राहतात आणि तळल्यावर खड्यासारखे लागतात. विकतचं बारीक बेसन घ्या किंवा गिरणीवर 'शेवेचं' म्हणून सांगा, आणि वापरण्याआधी चाळा. घरी डाळ भाजून दळून आणलेलं पीठही चालत नाही, त्याची पकड कमी झालेली असते.

गिरणीबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आपल्या आधी कुणाचे गहू दळले गेले असतील तर सुरुवातीच्या पिठात ते मिसळलेले येतात. पोळीला, पिठल्याला त्याने काही बिघडत नाही. पण इथे एवढं मळायचं असतं, की त्या थोड्या गव्हानेही पीठ चिवट होतं आणि गाठिया टणक होतो. डाळीवर डाळ दळली जात असेल तेव्हाच दळण द्या, किंवा पहिलं वाटी-दोन वाटी पीठ वेगळं काढून त्याची भजी करा.

सोडा की पापडखार?

दोन्ही चालतात, दोन्ही मिळून मात्र नको. सोडा तापला की त्यातून वायू निघतो आणि तोच पिठात छिद्रं करतो. मागे जो क्षार उरतो तो सोड्यापेक्षा तीव्र असतो. खमणात लिंबू किंवा लिंबूसत्त्व असतं, ते क्षाराला मारतं. गाठियात आंबट काहीच नाही, म्हणून जादा सोडा तसाच जिभेवर येतो. क्षारामुळे बेसन तेलात लवकर लालही होतं. कुणी हळद घातली असेल तर ती क्षारात आणखी लाल होते, मग गाठियावर विटकरी डाग दिसतात. तुमचे गाठिये मंद आचेवरही तांबूस होत असतील तर गॅसला दोष देऊ नका, सोड्याचा चमचा बघा.

पापडखाराने गाठिया जास्त हलका होतो असा माझा अनुभव आहे आणि चवही दुकानाच्या जवळ जाते. पण पाकिटागणिक त्याचा जोर वेगळा असतो. नवीन पाकीट आणलं की पहिल्या वेळी पाव चमच्याने सुरू करा, थोडेसेच गाठिये तळून बघा. जुना, गड्डे झालेला खार असेल तर तो आधी पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. न विरघळलेला एखादा कण गाठियात राहिला तर त्या घासाला तोंड कडू होतं.

वळणं आणि तळणं

वळायला कडा नसलेला लाकडी पाट उत्तम. गोळा लांबट करून पाटावर ठेवायचा आणि तळहाताच्या टाचेने थोडा दाब देत पुढे सरकवत जायचं, म्हणजे पीठ हाताखालून पिळत पिळत दोरीसारखं निघतं. दोन्ही हातांनी मागे-पुढे नुसतं लोळवलं तर गुळगुळीत कांडी होते, पीळ पडत नाही, आणि अशी कांडी आत लवकर शिजत नाही. पिळाच्या खाचांमधून तेल आतपर्यंत पोचतं. पहिल्या काही वेळा वेडेवाकडे होतील. होऊ द्या, चवीला काही फरक पडत नाही. बोटापेक्षा जाड मात्र करू नका.

मिरी फार जाड कुटली असेल तर दोरी त्या जागी तुटते. मिरीचे चार-पाच तुकडे व्हावेत, एवढंच.

तेल शक्यतो शेंगदाण्याचं. सौराष्ट्र हा शेंगदाण्याचा मुलूख, तिथे सिंगतेलाशिवाय गाठियाचा विचारच होत नाही. तापमान साधारण 160 ते 165 अंश. मोजायला काही नसेल तर वाटाण्याएवढं पीठ सोडा. ते तळाला जाऊन तीन-चार सेकंदांत सावकाश वर यावं, भोवती बारीक बुडबुडे असावेत, रंग बदलू नये. सोडल्या सोडल्या उसळून वर आलं तर तेल जास्त तापलंय, अशा तेलात कवचवाला दुसरा प्रकार होतो. तळालाच बसून राहिलं तर गार आहे, मग तेल पिऊन टणक होणारा तिसरा प्रकार.

गाठिये घातल्यावर पहिलं अर्धं मिनिट झारा लावू नका, कच्चे असताना मोडतात. मग उलटा. बुडबुडे बऱ्यापैकी कमी झाले आणि झाऱ्याने हलवताना हलका खुळखुळ आवाज आला की काढा. रंग पिवळाच असायला हवा, सोनेरी होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. एका वेळी कढई भरून टाकण्याचा मोहही टाळा, तेल एकदम गार होतं. काढल्याबरोबर वर चिमूटभर हिंग आणि काळं मीठ भुरभुरा. गरम असतानाच ते धरतं.

उलटी तक्रार: तेलात फुटतात, विरघळतात

कडकपणाला घाबरून तेल आणि सोडा दोन्ही वाढवले की असं होतं. कढईत भुगा जमतो, तेल फेसाळतं. उरलेल्या पिठात दोन-तीन चमचे कोरडं बेसन आणि किंचित पाणी घालून पुन्हा मळा, बहुतेक वेळा सावरतं. पीठ नीट मळलेलं असूनही फुटत असेल तर तेल फार गार आहे.

दुसऱ्या दिवशी मऊ, सादळल्यासारखे होत असतील तर एकतर आत कच्चे राहिले किंवा गरम असतानाच डब्यात भरले. जाळीवर पूर्ण गार करा. वणेला गाठिया तसा त्याच दिवशी खायचा पदार्थ आहे. आठवडाभर टिकवायचे असतील तर भावनगरी करा.

भावनगरी गाठियाला पीठ आणखी सैल लागतं, कारण ते साच्यातून उतरवायचं असतं. पांढऱ्या पाण्याचा नियम तिथेही तोच. फक्त मिरी आणि ओवा बारीक पूड करून घाला, नाहीतर जाळीची भोकं बुजतात. फाफड्यालाही हेच पीठ, थोडं घट्ट. तळहाताने पाटावर एकाच दिशेने पातळ ओढायचा आणि पातळ सुरीने पाटालगत सोडवून घ्यायचा. तो सोडवताना तुटत असेल तर पीठ कमी मळलंय.

आता सांगितलं तसं करूनही पहिल्या खेपेला एखादा घाणा बिघडला, तर तो टाकू नका. काठियावाडात गाठियाची भाजी करतात, गाठियानुं शाक. तेलात जिरं, हिंग आणि भरपूर ठेचलेला लसूण, मग लाल तिखट, धनेपूड, हळद, चिरलेले टोमॅटो. टोमॅटो गळले की आच मंद करून वाटीभर घुसळलेलं ताक घाला आणि उकळी फुटेपर्यंत ढवळत राहा, नाहीतर ताक फाटतं. मीठ बेतानं, कारण गाठियात आधीच आहे. रस्सा जरा जास्तच पातळ ठेवा. ताटं घेतल्यावर गाठिये मोडून आत घालायचे. नेहमीचे असतील तर दोन मिनिटं पुरतात. कडक असतील तर झाकण ठेवून पाच-सात मिनिटं मंद आचेवर राहू द्या. ते रस्सा पितात, पण विरघळून लगदा होत नाहीत, आणि बाजरीच्या गरम रोटल्याबरोबर कढई रिकामी होते.